मोटारीचें चक्र हलकें करावें काय?

आमच्या सोलापूरच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत एका लोखंडी चाकावरून दोन पक्ष पडले. एका बाजूस आमचा पुतण्या, दुसऱ्या बाजूस त्याची आई, आणि मध्यें आम्ही. ज्याचा सारा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला आणि ज्याचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें सरकलें नाहीं, त्यानें मोटारीच्या पोटांतील चाकाचा न्याय काय करावा, असें वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेंच वाटलें. परंतु एकत्र कुटुंबांत वडीलकीचा मान मिळतो तसा तिचा भारही उचलावा लागतो. तेव्हां चार महिने जाणत्यांस विचारून, पुस्तकें चाळून, आणि मध्यें एकदां चांगलेंच घाबरून आम्हांस जें कळलें तें येथें सांगतों. ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे आणि तिच्यावर जीव टाकणारा तरुण मुलगा आहे, त्यांस त्याचा थोडाबहुत उपयोग होईल.

गाडी आमच्या धाकट्या बंधूंची. फियाट अकराशेंच्या घराण्यांतील, ‘पद्मिनी’ या नांवाची. त्या काळीं मोटारीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. तशी वाट पाहून त्यांनीं ती घेतली, आणि शेवटपर्यंत दर रविवारीं स्वतःच्या हातानें पुसली. ते आज नाहींत. गाडी पुतण्यानें अंगावर घेतली. इंजिन उतरविलें, रंग काढिला, तारा बदलल्या. या वर्षीं पुण्यास जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत त्यानें एक एमजी पाहिली. ती इंग्लंडांतील, दोघांच्या बैठकीची, खरीखुरी खेळाची गाडी. तिच्या मालकानें इंजिनामागील फ्लायव्हील हलकें करून घेतलें होतें. पाय दाबतांच इंजिन गर्जे आणि पाय काढतांच शांत होई. तें ऐकून आमचे चिरंजीव घरीं आले ते हाच ध्यास घेऊन. त्यांच्या मातोश्रींनीं एकच उत्तर दिलें : “त्यांनीं जशी ठेवली तशी राहूं दे.”

फियाटसारख्या घरगुती गाडीस हे खेळाचे चोचले कशाला, असें प्रथम आम्हींही म्हटलें. तेव्हां पुतण्यानें आम्हांस जी वंशावळ ऐकविली ती आम्हीं ताडून पाहिली, आणि ती खरी निघाली. आमच्या गाडीचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर व दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. हेंच माप फियाटनें १९३७ सालापासून चालविलें. दुसरें महायुद्ध संपल्यावर इटलींतील ट्यूरिन शहरीं ‘सिसितालिया’ नांवाच्या लहानशा शर्यतीच्या मोटारी निघाल्या, त्यांचें इंजिन याच बीजाचें होतें. १९४७ सालीं मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतींत ५४ वर्षांचे ताझिओ नुव्होलारी हे भर पावसांत उघडी सिसितालिया हांकीत दुसरे आले. त्यांच्यापुढें राहिलेली गाडी कितीतरी मोठ्या इंजिनाची होती. पुढें १९५१ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयांत मोटारींचें जें प्रदर्शन भरलें त्यांत एक सिसितालिया मांडलेली होती. म्हणजे आमची पद्मिनी गरीब असली तरी तिचें माहेर मोठें आहे.

आणि तिचें सासर तर सोलापूरकरांच्या अगदीं ओळखीचें. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं याच गांवीं झाला. हिंदुस्थानांत मोटारी बनाव्यात या हट्टानें त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढिली. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांतून प्रथम अमेरिकन बनावटीच्या गाड्या बाहेर पडल्या आणि मग फियाटच्या. १९७० नंतरच्या दशकांत त्याच अकराशेंस पद्मिनी हें नांव मिळालें. २००० सालाच्या सुमारास ती बनविणें थांबलें, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरील तिची काळी-पिवळी टॅक्सीही निवृत्त झाली. सोलापूरच्या एका घरांत ती अजून चालते, यांत आम्हांस थोडा अभिमान वाटतो, हें कबूल केलें पाहिजे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. फ्लायव्हील म्हणजे काय? मराठी शास्त्रीय ग्रंथांत यास ‘प्रचक्र’ म्हणतात. आम्ही नुसतें ‘चक्र’ म्हणूं. इंजिनाचा मुख्य दांडा, ज्यास क्रँक म्हणतात, त्याच्या मागच्या टोकास बोल्टांनीं घट्ट बसविलेली ही एक जड तबकडी असते. तिच्या कडेवर दांतेरी कडें असतें. किल्ली फिरवितांच सेल्फचा लहान दांता त्यांत अडकून इंजिन फिरवितो. तिचा मागील गुळगुळीत चेहरा क्लचप्लेटीस धरून ठेवितो व इंजिनाची शक्ति चाकांकडे जाऊं देतो. परंतु तिचें खरें काम निराळें आहे. इंजिनाचा जोर अखंड धारेनें येत नाहीं. तो धक्क्याधक्क्यांनीं येतो. चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर फेऱ्यास दोन धक्के बसतात. दोन धक्क्यांच्या मधल्या वेळांत दांडा मंदावूं नये म्हणून हें चक्र धक्का बसतांना शक्ति साठवितें आणि नंतर ती परत देतें.

ज्यांनीं विहिरीवरचें ऑइल इंजिन पाहिलें आहे त्यांस हें सांगावयास नको. किर्लोस्करांच्या कारखान्यांतून जीं इंजिनें आमच्या जिल्ह्यांतील मळ्यांवर आलीं, त्यांतील एका सिलिंडरच्या इंजिनास दोन फेऱ्यांत एकच धक्का मिळे. म्हणून त्याचें चक्र एवढें जड कीं तें उचलण्यास दोघे लागत. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालीं सुरू झाली. तेव्हांच्या वाफेवरील गिरण्यांत चक्र पुरुषभर उंचीहून मोठें असे, आणि त्याच्या कडेवरून दोर निघून मजल्यामजल्यावरील यंत्रें फिरत. चक्र अडखळलें तर सूत तुटे. याहून जुनें उदाहरण कुंभाराचें. काठीनें एकदां फिरविलेलें चाक काठी काढल्यावरही फिरत राहतें. सांख्यांनीं हाच दृष्टांत ज्ञान झाल्यावरही कांहीं काळ टिकणाऱ्या देहासाठीं घेतला आहे.

येथें आम्हां संस्कृतवाल्यांस एक गोष्ट मौजेची वाटते. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहांत ‘संस्कार’ नांवाचा एक गुण सांगितला असून त्याचे तीन प्रकार केले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. फिरत्या चाकांत राहतो तो वेग. मनांत राहून स्मरण घडवितो ती भावना. वांकविलेली फांदी पुन्हां पूर्ववत् होते तो स्थितिस्थापक. म्हणजे आमच्या शास्त्रकारांनीं चाकाची गति व माणसाची आठवण एकाच घरांत बसविलीं. आमच्या घरांतील भांडणही नेमकें या दोहोंचें होतें. पुतण्या वेगाविषयीं बोलत होता, त्याची आई भावनेविषयीं. आणि दोघांचें बोट एकाच लोखंडाकडे होतें.

पुतण्याचा पक्ष असा. चक्र जितकें जड तितका त्याचा वेग वाढविण्यास इंजिनाचा जोर अधिक खर्च होतो. तें हलकें केलें कीं इंजिन पायास चटकन उत्तर देतें, गिअर बदलतांना फेरे लवकर जुळतात, आणि गाडी हलकी भासते. हें खरें, परंतु किती खरें, तें अंकांनीं पाहावें असें आम्हीं सुचविलें. त्यानें पाटीवर मांडावा तसा हिशेब मांडून दाखविला. समजा, चक्राच्या मध्यापासून १२ सेंटिमीटरांवरचें २ किलो लोखंड काढिलें. गाडीच्या चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरूं. पहिल्या गिअरमध्यें चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाचे १५ फेरे होतात असें मानलें, तर १५ गुणिले १२ भागिले ३० म्हणजे ६. त्याचा वर्ग ३६. त्यास २ किलोंनीं गुणिलें कीं ७२. अर्थात् पहिल्या गिअरमध्यें वेग घेतांना गाडींतून ७२ किलोंचा एक धडधाकट माणूस उतरल्यासारखा फरक पडतो. परंतु चौथ्या गिअरमध्यें इंजिनाचे फेरे साधारण ४.२ धरले, तर तोच हिशेब साडेपांच किलोंवर येतो. म्हणजे शाळकरी पोराचें दप्तर खालीं ठेविलें एवढेंच. सुमारे ९०० किलोंच्या गाडीस दप्तराचें काय? इंजिनाचे घोडे तर एकानेंही वाढत नाहींत. चाळिसाच्या आसपास होते तेवढेच राहतात.

याच हिशेबांतून दुसरें तत्त्व निघतें. लोखंड कोठून काढिलें यास महत्त्व आहे, कारण अंतराचा वर्ग होतो. मध्यापासून १२ सेंटिमीटरांवरचा एक किलो हा ६ सेंटिमीटरांवरच्या चार किलोंएवढा मोलाचा. म्हणून जाणता कारागीर कडेचें लोखंड उतरवितो. अडाणी कारागीर मध्याजवळ खणतो. त्यानें लाभ थोडा होतो आणि जेथें बळ हवें तेथेंच चक्र दुबळें होतें.

आतां आमच्या घाबरण्याची हकीकत. पुतण्याच्या एका मित्राकडे याच जातीच्या गाडीचें एक उतरविलेलें चक्र पडून होतें. कोणीं तरी पूर्वीं शर्यतीसाठीं तें जवळजवळ निम्म्या वजनावर आणिलें होतें. परीक्षा म्हणून पुतण्यानें तें बसविलें, आणि घरांत कोणास फारसें न सांगतां श्रावणांतील एका मंगळवारीं आम्हां सर्वांस तुळजापुरास नेलें. सपाटीवर गाडी अशी पळाली कीं आम्हांसही कौतुक वाटलें. पुढें घाट लागला. पाऊस पडत होता, पुढें एक मालट्रक थांबला, आणि आम्हांसही चढावर थांबावें लागलें. ट्रक हलला, पुतण्यानें क्लच सोडिला, आणि इंजिन बंद पडलें. पुन्हां सुरू केलें, पुन्हां बंद. तिसऱ्या वेळीं ब्रेक सुटून गाडी हातभर मागें सरली. मागें एक एसटी उभी होती. आमची सौभाग्यवती देवीचें नांव घेऊं लागली. भावजयीनें डोळे मिटून घेतले. अखेर एसटीच्या कंडक्टरनें उतरून चाकामागें दगड लाविला, आणि इंजिन खूप गर्जवून, क्लच जळल्याचा वास घेत, आम्ही वर निघालों.

पुतण्यानें घरीं आल्यावर आपली चूक झांकिली नाहीं, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. जड चक्र क्लच सोडतांना आपल्यांतली साठविलेली शक्ति देऊन गाडीस पहिला ढकला देतें. निम्में चक्र तो ढकला देऊं शकत नाहीं. तेव्हां चालविणाऱ्यानें इंजिनाचे फेरे आधीं वाढवावे लागतात व क्लच अधिक घासूं द्यावा लागतो. गाडी नुसती उभी असतांना इंजिन थडथडूं नये म्हणून कार्बुरेटरवर तिचे मंद फेरेही शंभर-दोनशेंनीं वाढवून ठेवावे लागतात, तेंही राहून गेलें होतें. शर्यतीच्या गाडींत एक माणूस बसतो, तो वरच्या फेऱ्यांतच इंजिन ठेवितो आणि त्यास चढावर ट्रकमागें थांबावें लागत नाहीं. घरच्या गाडींत चार माणसें, एक प्रसादाची परडी आणि पुढें ट्रक असतो. जें एकास भूषण तें दुसऱ्यास संकट.

परंतु खरी भीति पुढेंच होती. आमच्या ओळखीचे एक वृद्ध टर्नर आहेत. गिरणीच्या वर्कशॉपांत त्यांचें आयुष्य गेलें. तें चक्र उतरवून आम्हीं त्यांजकडे नेलें. त्यांनीं तें दोरीनें टांगलें आणि बाजारांत मडकें वाजवून घेतात तसें लहान हातोडीनें वाजविलें. सगळें लोखंड घंटेसारखें वाजावयास हवें. हें बद्द वाजलें. मग त्यांनीं पुसून, भिंग धरून दाखविलें : उतरवितांना कारागिरानें जेथें आंतला कोपरा गोल न ठेवतां काटकोनांत कापला होता, त्या कोपऱ्यांतून, क्लचच्या बोल्टाच्या भोंकाकडे, केसाएवढी एक चीर निघाली होती. “मास्तर, यावर घरची बायकामाणसें बसवून घाट चढलांत?” एवढेंच ते म्हणाले.

तें मूळ चक्र बिडाचें, म्हणजे ओतीव लोखंडाचें. बीड दाबास भक्कम, परंतु ताणास कमजोर. फिरणाऱ्या चक्राच्या कडेवर येतो तो ताणच, आणि तो वेगाच्या वर्गानें वाढतो. फेरे दुप्पट झाले कीं ताण चौपट. जुने यंत्रशास्त्री गिरणीच्या बिडाच्या चक्रास कडेचा वेग मिनिटास एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर, याहून फारसा वाढूं देत नसत. कारण मोठीं चक्रें फुटून इमारती फोडून गेल्याचीं उदाहरणें त्यांस माहीत होतीं. आमच्या गाडीसारख्या इंजिनांत २८ सेंटिमीटर व्यासाचें चक्र मिनिटास ५००० फेरे घेऊं लागलें कीं कडेचा वेग मिनिटास सुमारे ४.४ किलोमीटर होतो. मोटारीचें चक्र लहान, अखंड व बिनसांध्याचें असल्यामुळें तें हें सोसतें. पण सोसण्याची शिल्लक किती ती पाहिल्यावांचून कापूं नये. शिवाय तें असतें कोठें? चालविणाऱ्याच्या पायांपाशीं, पत्र्याच्या पलीकडे.

या साऱ्यांतून आम्हीं घरापुरता जो निर्णय केला तो सांगतों. गाडी घाटांतून, भरल्या घरानें आणि गर्दींतून चालावयाची असेल तर मूळ चक्र राहूं द्यावें; त्याच पैशांत आधीं ब्रेक, टायर आणि क्लच पाहावे. मालक हौशी असून एकटादुकटा चालविणार असेल तर थोडें हलकें चक्र घेण्यास हरकत नाहीं. मात्र जुनें बीड कापण्यापेक्षां पोलादाचें नवें घडवून घ्यावें, आणि मूळ वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक कमी करूं नये. लोखंड कडेजवळून कमी व्हावें. क्लचचा चेहरा, बोल्टांचा परिसर आणि दांतेरी कड्याची बैठक यांस हात लावूं नये. प्रत्येक आंतला कोपरा गोल ठेवावा. ॲल्युमिनियमचीं चक्रें याहूनही हलकीं असतात व त्यांस क्लचपुढें पोलादाची चकती जडवितात. तीं शर्यतीवाल्यांनाच शोभतात. शेवटची गोष्ट तोल, ज्यास वर्कशॉपांत बॅलन्सिंग म्हणतात. १२ सेंटिमीटरांवर एका बाजूस नुसते १० ग्रॅम अधिक राहिले, तर ५००० फेऱ्यांस ते सुमारे ३३ किलोंच्या ओढीनें दांड्यास हिसके देतात. तोळाभराहूनही कमी लोखंडाची ही करामत आहे. म्हणून तोल यंत्रावरच पाहून घ्यावा, अंदाजानें नव्हे.

चिरलेलें चक्र पुतण्यानें मित्रास सर्व सांगून, त्याच्या संमतीनें भंगारांत दिलें. तें दुसऱ्या कोणाच्या हातीं जाऊं नये म्हणून आधीं त्याचे दोन तुकडे करविले. साठविलेल्या पैशांतून त्यानें पोलादाचें, मूळच्याहून चौथाईनें हलकें चक्र करवून घेतलें. वडिलांच्या गाडीचें मूळ चक्र कापलें गेलें नाहीं. तें त्यानें ग्रीस लावून, मेणकापडांत गुंडाळून माळ्यावर ठेविलें आहे, आणि त्यावर तारीख व वडिलांचें नांव लिहिलें आहे. पुढें कोणास गाडी पूर्ववत् करावीशी वाटली तर एका दिवसाचें काम. तर्कसंग्रहांतील तिसरा संस्कार, स्थितिस्थापक, तो हाच, असें आम्ही त्यास हंसत म्हणालों.

राहतां राहिली त्याची आई. तिनें एकच अट घातली : ज्या चढावर गाडी मागें सरली त्याच चढावर ती पुन्हां थांबवून दाखवावी, आणि त्या वेळीं आपण स्वतः आंत असूं. नवरात्राच्या आधीं एका कोरड्या सकाळीं आम्ही चौघेंच पुन्हां निघालों. त्या ठिकाणीं, मागें कोणी नाहीं असें पाहून, पुतण्यानें गाडी थांबविली. हातब्रेक ओढिला, फेरे थोडे वाढविले, क्लच सोडिला. गाडी एक बोटभरही मागें न येतां वर चढली. त्यानें आरशांतून आईकडे पाहिलें. ती बाहेर पाहत होती. थोड्या वेळानें म्हणाली, “आतां सावकाश घे. देवी कुठें जात नाहीं.”